डॉक्टरांच्या मागची माणसे : बाल्कन युद्धातील हिंदी वैद्यकीय पथक

डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. १९२७ साली मद्रासला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. जामिया मिल्लिया इस्लामिया ज्यांच्या जिवावर टिकली, त्यांत हकीम अजमल खान यांच्याबरोबर त्यांचे नाव घ्यावे लागते. त्यांचे कोणतेही छोटे चरित्र उघडा, त्यात एक ओळ हमखास असते. बाल्कन युद्धाच्या वेळी ते तुर्कस्तानात वैद्यकीय पथक घेऊन गेले, अशी ती ओळ. तेवढे सांगून चरित्रकार खिलाफत चळवळीकडे वळतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात हा भाग येतो तेव्हा त्या ओळीतला 'पथक' हा शब्द आम्हाला पुढे जाऊ देत नाही. पथक म्हणजे एकटे अन्सारी नव्हेत. मग बाकीचे कोण होते? तिथे जाऊन त्यांनी नेमके काय केले? आणि परत आल्यावर त्यांचे काय झाले?

उत्तर असे आहे की त्या पथकातले बहुतेक जण डॉक्टर नव्हतेच. १९१२ च्या डिसेंबरात मुंबई बंदरातून सुमारे दोन डझन माणसे निघाली. त्यांत डॉक्टर मूठभर. बाकीचे सगळे ड्रेसर म्हणजे मलमपट्टी करणारे, रुग्णांची उठबस करणारे, सामान आणि हिशेब सांभाळणारे. या ड्रेसरांपैकी बरेच जण अलीगढ कॉलेजचे आजी-माजी विद्यार्थी होते. चौधरी खलीकुज्जमान, अब्दुर्रहमान सिद्दिकी, शुऐब कुरेशी, अझीझ अन्सारी, मंजूर महमूद, पेशावरचा अब्दुर्रहमान. कोणी कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडलेला, कोणी घरच्यांचा विरोध पत्करून आलेला. रक्त पाहायची सवय असलेले त्यांत फारसे कोणी नसावेत. यांच्या बोटांना तोवर शाईचीच ओळख होती.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. ऑक्टोबर १९१२ मध्ये माँटेनिग्रो, बल्गेरिया, सर्बिया आणि ग्रीस या चार राज्यांनी मिळून उस्मानी तुर्कस्तानाशी युद्ध सुरू केले. इटलीने त्रिपोलीवर केलेल्या स्वारीतून तुर्कस्तान अजून सावरलेला नव्हता. किर्क किलिसे आणि लुलेबुर्गाज येथे तुर्की सैन्याची धूळधाण उडाली आणि ते मागे हटत थेट चतालजाच्या मोर्च्यापर्यंत आले. चतालजा म्हणजे जवळजवळ इस्तंबूलचे दार. नोव्हेंबरात सैन्यात पटकी पसरली. गोळी लागून मेले त्यांच्याइतकीच भीती पटकीने मरणाऱ्यांची वाटू लागली. बाल्कन प्रांतांतून उखडलेले मुहाजिर बैलगाड्यांवर संसार लादून राजधानीत येत होते आणि मशिदींच्या आवारात पथारी टाकत होते. खुद्द आयासोफियात पटकीचे रुग्ण ठेवावे लागले होते.

ही बातमी हिंदुस्थानात पोचली ती तारेने आणि वर्तमानपत्रांनी. मौलाना मोहम्मद अली यांचे 'कॉम्रेड' हे इंग्रजी साप्ताहिक त्या सुमारास कलकत्त्याहून दिल्लीला आले होते. अन्सारींच्या पथकाची कल्पना उचलून धरली, निधीचे आवाहन छापले आणि पुढे अन्सारींनी तिकडून पाठवलेली पत्रे प्रसिद्ध केली ती याच साप्ताहिकाने. आज आपण ज्याला जनसंपर्क म्हणतो ते सगळे काम एका साप्ताहिकाने केले. मुंबईत अंजुमन जियाउल इस्लामने तुर्की जखमींसाठी चंदा गोळा केला. हे काही अचानक घडले नव्हते. १८७७ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धातही हिंदी मुसलमानांनी पैसा पाठवला होता आणि १९११ च्या त्रिपोली युद्धातही. पण पैसा पाठवणे निराळे आणि माणसे पाठवणे निराळे. मनिऑर्डरला समुद्र लागत नाही.

अलीगढच्या वसतिगृहातल्या मुलांनी आपल्या रोजच्या जेवणातले पदार्थ कमी केले आणि वाचलेले पैसे निधीत घातले. ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. मोठ्या रकमा नवाब आणि व्यापारी देतातच, त्यांची नावेही छापून येतात. परंतु जहाजाचे भाडे, तंबू, औषधे, पट्ट्यांचे गठ्ठे आणि हत्यारे यांचा खर्च केवळ मोठ्या देणग्यांतून निघत नसतो. आपल्याकडे जुम्याच्या नमाजनंतर चादर धरून उभे राहिलेले दोन जण आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या चादरीत पडणाऱ्या आणे-पैशांवर मदरसे चालले, कब्रस्तानांच्या भिंती झाल्या. १९१२ साली त्याच प्रकारच्या पैशावर शस्त्रक्रियेची टेबले समुद्रापार गेली. पथकाच्या मागे उभे असलेले पहिले स्वयंसेवक हेच, ज्यांनी मुंबईचे बंदर कधी पाहिलेही नसेल.

ब्रिटिश सरकारने या मोहिमेला आडकाठी केली नाही. त्यामागे दया कमी आणि हिशेब जास्त होता असे आमचे मत आहे. लढायला जाऊ द्यायचे नव्हते, पण जखमींची सेवा करायला जाणाऱ्यांना अडवले असते तर हिंदी मुसलमानांत नाहक संताप पसरला असता. अशा रीतीने डिसेंबरच्या मध्यास पथक मुंबईहून सुटले. योगायोग पाहा, त्याच महिन्यात, पथक सुटण्याच्या सुमारास, नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची हालत पाहून मुंबईला परतले होते. एकाच बंदरात, जवळपास त्याच दिवसांत, एक जण परदेशातल्या आपल्या माणसांसाठी दाद मागून उतरत होता आणि काही तरुण परक्या देशातल्या जखमींसाठी जहाजावर चढत होते. त्या काळचा हिंदुस्थान आपल्याला वाटतो तितका घरकोंबडा नव्हता.

समुद्रापारच्या रुग्णसेवेचा इतिहास मुळात डॉक्टरांपासून सुरूच होत नाही. १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी उघड्यावर पडलेले पाहून ज्याने रेडक्रॉसची कल्पना मांडली, तो आंरी द्यूनां स्विस व्यापारी होता. त्याने गावातल्या बायका-पोरांना हाताशी धरून पाणी आणि पट्ट्या पुरवल्या. १८९९ साली बोअर युद्धात गांधीजींनी उभारलेल्या हिंदी रुग्णवाहक दलात सुमारे अकराशे माणसे होती. त्यांतले बहुतेक गिरमिटिया मजूर होते. खांद्यावर डोल्या घेऊन मैलोन् मैल चालणे हे त्यांचे काम. आपल्या इतिहासात तर रुफैदा अस्लमिया या अन्सारी बाईंचा मस्जिदे नबवीतला तंबू आहेच, जिथे खंदकच्या लढाईतल्या जखमींची शुश्रूषा होई. अलीगढच्या पोरांना ही परंपरा कुणी शिकवून पाठवले नव्हते. तरी ती होती.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. ड्रेसर म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, आणि ते रुग्णापर्यंत पोचायला आणखी एक तप गेले. रक्त देण्याची सोयही रणांगणात नव्हती. शल्यचिकित्सकाने क्लोरोफॉर्म देऊन गोळी काढली, तुटलेला पाय कापला, टाके घातले, की त्याचे काम संपले. तो पुढच्या टेबलाकडे वळणार. जखमी वाचणार की जाणार, याचा निकाल मात्र पुढच्या आठ-पंधरा दिवसांत लागायचा, आणि तो निकाल पट्टीच्या खाली लागायचा. जुनी पट्टी जखमेला चिकटून बसते. ती ओढून काढली तर रुग्ण किंचाळतो आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडते. म्हणून उकळून कोमट केलेल्या पाण्याने ती भिजवायची, हळूहळू सोडवायची, पू पुसून घ्यायचा, कार्बोलिक किंवा आयोडिन लावायचे, नवी जाळी ठेवून पुन्हा बांधायचे. बांधताना सैल राहिली तर सरकते, घट्ट झाली तर खालचा भाग काळा पडतो. एका रुग्णाला अर्धा तास धरला तर चाळीस रुग्णांचे किती तास होतात, हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही करता येईल.

याशिवाय हत्यारे उकळणे, घाण झालेल्या पट्ट्या जाळणे, उवांनी भरलेले सैनिकांचे कपडे वाफवणे, हिमाने बधिर झालेले पाय चोळून न काढता सावकाश ऊब देणे, भांडी धरणे, बेडपॅन उचलणे. पटकीच्या रुग्णाजवळ तर दिवस-रात्र कोणीतरी हवेच असते. शरीरातले पाणी झपाट्याने जाते, ते भरून काढले नाही तर काही तासांत माणूस हातचा जातो. पटकीच्या रुग्णाच्या शिरेतून मिठाचे पाणी देण्याची पद्धत त्याच काळात कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात लिओनार्ड रॉजर्स यांनी सुधारून मांडली होती. म्हणजे या बाबतीत हिंदुस्थानातल्या वैद्यकाकडे जगाला शिकवण्यासारखे काही होते. पण ती बाटली उंच धरून उभे राहायला माणूस लागतोच.

खानदानी घरांतली ही मुले. घरी पाण्याचा पेला नोकराने आणून द्यायचा. अशा हातांनी एका अनोळखी, वेगळी भाषा बोलणाऱ्या, अंगावर उवा असलेल्या शेतकरी शिपायाची विष्ठा काढली. तुर्की त्यांना येत नव्हती, शिपायांना उर्दू येत नव्हती. फारसी-अरबीतून आलेले चार शब्द दोन्हीकडे सारखे, त्यावर काम चालायचे. आम्हाला वाटते, खिलाफतीवरच्या शेकडो भाषणांपेक्षा हे मोठे आहे.

पथकाने प्रथम इस्तंबूलच्या कादिर्गा इस्पितळात काम केले. मग चतालजाच्या मोर्च्याच्या पिछाडीला ओमेरली येथे तंबूंचे इस्पितळ उभारले आणि पुढे चनक्कलेच्या बाजूलाही सेवा केली. ३ डिसेंबर १९१२ ला झालेली तहकुबी ३ फेब्रुवारी १९१३ ला मोडली आणि लढाई पुन्हा पेटली. मार्चअखेर एदिर्ने पडले. थंडी, चिखल आणि पराभवाच्या बातम्या. विजयी फौजेच्या मागे राहून काम करणे सोपे असते. हरत असलेल्या सैन्याच्या इस्पितळात रुग्णांबरोबर त्यांची निराशाही भरती होते.

याच काळात इस्तंबूलमध्ये हालिदे एदिब या लेखिकेने आणि तिच्या मैत्रिणींच्या संघटनेने एक छोटे इस्पितळ चालवले होते. तुर्की भद्र घरांतल्या स्त्रिया प्रथमच परक्या पुरुषांच्या जखमा धूत होत्या. हालिदे पुढे १९३५ साली जामियात व्याख्याने द्यायला हिंदुस्थानात आली, तेव्हा ती दिल्लीत डॉ. अन्सारींच्या 'दारुस्सलाम' याच घरी उतरली. तिच्या 'इनसाइड इंडिया' या पुस्तकात त्या मुक्कामाचे वर्णन आहे. बावीस वर्षांनंतरही ओळख टिकली होती.

इथे आम्हाला आपल्याच लोकांशी थोडे भांडायचे आहे. उर्दूत या मोहिमेबद्दल जे लिहिले गेले, त्यात जोश फार आणि तपशील कमी. हिलाल आणि सलीब यांची झुंज, इस्लामची आबरू, गाझी आणि शहीद. जणू पथक तलवारी घेऊन गेले होते. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९०९ पासून उस्मानी सैन्यात ख्रिस्ती आणि यहुदी तरुणांचीही भरती होऊ लागली होती. बाल्कन युद्धात तुर्की गणवेशात आर्मेनियन होते, ग्रीक होते, यहुदी होते. जखमींच्या रांगेत तेही होतेच. पट्टी सोडवताना मुहम्मद आणि ओहानेस यांचे रक्त वेगळे दिसत नाही. दुसरे असे की, अत्याचार एकाच बाजूने झाले नाहीत. कार्नेगी आयोगाच्या १९१४ च्या अहवालात सगळ्याच पक्षांच्या क्रौर्याची नोंद आहे. मुसलमान खेडी जळाली हे जितके खरे, तितकेच ख्रिस्ती खेडीही जळाली हे खरे. आणि उस्मानी राजवट हेही एक साम्राज्यच होते. बल्गेरियन शेतकऱ्याला त्यापासून सुटका हवी होती, जशी आपल्याला इंग्रजांपासून हवी होती. १९१२ च्या मुलांना हे उमगले नसेल. आज ते न उमगण्याचे कारण नाही.

इक्बाल यांची 'फातिमा बिन्त अब्दुल्ला' ही नज्म उर्दू वाचकांच्या ओळखीची आहे. त्रिपोलीच्या लढाईत जखमींना पाणी पाजताना शहीद झालेल्या अरब मुलीवर ती आहे. त्या नज्मेतली शहादत लोकांच्या लक्षात राहते, पखाल मात्र विसरली जाते. शिकवताना आम्ही मुलांना विचारतो, तिच्या हातात काय होते? तलवार, असे उत्तर अनेकदा येते.

पथक जुलै १९१३ मध्ये मुंबईला परत आले. मुंबईपासून उत्तरेपर्यंत त्यांचे मोठे स्वागत झाले, हारतुरे झाले. आणि मग ही माणसे पांगली. ती कुठे कुठे गेली हे पाहण्यासारखे आहे. अन्सारी काँग्रेसमध्येही होते आणि मुस्लिम लीगमध्येही. १९२० च्या नागपूर लीग अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. पुढे ते पूर्णपणे राष्ट्रीय मुसलमानांच्या बाजूला राहिले आणि स्वतंत्र मतदारसंघाच्या राजकारणाशी झगडले. शुऐब कुरेशी यांनी १९२२ मध्ये गांधीजी तुरुंगात गेल्यावर 'यंग इंडिया' सांभाळला. १९२८ च्या मोतीलाल नेहरू समितीचे ते सदस्य होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि तिकडे राजदूत झाले. अब्दुर्रहमान सिद्दिकी कलकत्त्याचे महापौर झाले आणि लीगच्या राजकारणात राहिले. खलीकुज्जमान हे तर लीगच्या पहिल्या फळीतले पुढारी. १९४७ नंतर कराचीला गेले, पुढे पूर्व बंगालचे गव्हर्नर झाले.

एकाच तंबूत पट्ट्या बांधणारे हे लोक. पस्तीस वर्षांनी त्यांच्यामधून सरहद्द गेली. जखमींची सेवा केली म्हणून राजकारण एक होत नाही, हे यातून दिसते. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. या पथकाकडे बोट दाखवून, मुसलमानांचे लक्ष नेहमी हिंदुस्थानाबाहेर असते, त्यांचा जीव तुर्कस्तानात अडकलेला असतो, असे म्हणणारे लेखक मराठीत कमी नाहीत. त्यांना आम्ही भावनेने नव्हे, नोंदींनी उत्तर देऊ इच्छितो. होय, हे तरुण धर्मबंधुत्वाच्या भावनेने गेले होते. ते नाकारण्यात अर्थ नाही आणि लाजण्यासारखेही त्यात काही नाही. पण त्या पथकाच्या प्रमुखाला पंधरा वर्षांनी काँग्रेसने आपला अध्यक्ष केले. त्याच्या एका ड्रेसरच्या हाती गांधीजींचे साप्ताहिक आले. बाहेरच्या देशातल्या जखमीसाठी कळवळा असणे आणि आपल्या देशावर प्रेम असणे यांत भांडण आहे, असे त्या काळच्या काँग्रेसला वाटत नव्हते.

आणि वाटत नव्हते म्हणूनच १९३८ साली दुसरे पथक निघाले. १० मे १९३६ रोजी रेल्वे प्रवासात अन्सारींचे निधन झाले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी चीनवर जपानी आक्रमण चालू असताना सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. जुलैत 'चीन दिन' पाळून बावीस हजार रुपये जमवले गेले. पुन्हा तीच चादर, पुन्हा तेच आणे-पैसे, फक्त या वेळी मशिदीबाहेर, चौकात आणि बाजारात. १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' जहाज मुंबईहून सुटले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. त्या कंपनीच्या जहाजांवर रत्नागिरी-कुलाब्याकडचे आपले कोकणी खलाशी असत. त्यांच्या नावांची यादी कुठल्या स्मारकावर लागत नाही.

मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली पहिल्यांदा ज्या सोलापुरात भरले, त्याच सोलापुरात १९१० साली कोटणीसांचा जन्म झाला होता. चीनमध्ये असताना त्यांना वडिलांच्या मृत्यूची बातमी कळली, तरी ते परतले नाहीत. आठव्या मार्ग सेनेबरोबर डोंगराळ मुलखात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. तेथील परिचारिका गुओ छिंगलान हिच्याशी त्यांनी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मिरगीच्या झटक्यांनी ते गेले. गुओबाईंना दीर्घ आयुष्य लाभले. नवऱ्याच्या माघारी त्या हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले. कोटणीसांचे निदान शेवटच्या क्षणापर्यंत चालू राहिले ते अशा परिचारिकांच्या आणि डोल्या वाहणाऱ्या चिनी खेडुतांच्या बळावर. कोटणीसांनी चीनसाठी देह ठेवला म्हणून त्यांच्या देशनिष्ठेबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही. विचारू नयेच. पण मग तोच न्याय १९१२ च्या पोरांनाही मिळावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कोटणीस घराघरात पोचले याचे श्रेय एका अलीगढवाल्याला आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. ख्वाजा अहमद अब्बास. चीनहून परत आलेल्या डॉ. बसूंकडून सगळी हकीकत ऐकून त्यांनी १९४४ मध्ये 'अँड वन डिड नॉट कम बॅक' हे पुस्तक लिहिले. त्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. एका सोबत्याने सांगितले आणि एका लेखकाने बसून ऐकले, म्हणून ती कथा उरली. १९१२ च्या ड्रेसरांना असा अब्बास भेटला नाही. खलीकुज्जमान यांनी आपल्या आत्मचरित्रात या मोहिमेवर लिहिले आहे, परंतु १९६१ च्या त्या पुस्तकाचे नावच 'पाथवे टू पाकिस्तान'. ते नाव वाचून आपल्याकडचा वाचक पहिले पान उलटण्याआधीच पुस्तक ठेवून देतो, आणि त्या पानांत मिटलेली तंबूतली रात्रही तशीच राहते.

अब्बासांच्या पुस्तकाचे नाव वाचताना आम्हाला नेहमी पेशावरच्या अब्दुर्रहमानची आठवण होते. कारण १९१२ च्या पथकातलाही एक जण परत आला नाही. अब्दुर्रहमान १८८६ चा, पेशावरच्या सधन व्यापारी घराण्यातला. घरच्यांना हा प्रवास पसंत नव्हता, म्हणून त्याने आपले सामान विकून भाड्याचे पैसे उभे केले असे सांगतात. पथक परत निघाले तेव्हा तो मागे राहिला आणि तुर्की सैन्यात दाखल झाला. इथे ड्रेसरची गोष्ट संपते आणि सैनिकाची सुरू होते. आम्हाला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकी प्रिय नाही, पण ती त्याची आहे. १९१५ मध्ये तो गॅलिपोलीला लढला. समोरच्या इंग्रज फौजेत शीख आणि गुरखा पलटणी होत्या. म्हणजे त्या टेकड्यांवर हिंदुस्थानचे सुपुत्र दोन्हीकडून होते. एप्रिल १९२० मध्ये अंकाऱ्यात अनादोलू वृत्तसंस्था निघाली, तिच्या सुरुवातीच्या बातमीदारांत तो होता. त्यानंतर अंकारा सरकारने त्याला अफगाणिस्तानात आपला राजदूत म्हणून पाठवले.

काबूलहून पेशावर फार लांब नाही. खैबर उतरले की आलेच. पण पेशावरवर इंग्रजांचे निशाण होते आणि तो खैबर उतरला नाही. १९२५ साली इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्यांना रऊफ ओरबाय हा तुर्की नेता हवा होता आणि चेहऱ्यातल्या सारखेपणामुळे त्यांनी अब्दुर्रहमानला गाठले, असे मानले जाते. जखमी अवस्थेत काही दिवस तो इस्पितळात पडून होता. बारा वर्षांपूर्वी ज्या शहरात त्याने इतरांच्या पट्ट्या बदलल्या, त्याच शहरात कोणीतरी त्याच्या पट्ट्या बदलत राहिले, आणि जूनअखेर तो गेला.